पोलीस पाटलाची एक ओळ

एकनाथ राऊत निर्मळचा पोलीस पाटील झाला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. माणूस सरळ होता. सकाळी उठून वाडीत पाणी सोडायचं, दिवसभर केळी आणि शेवंतीच्या मागे राबायचं, संध्याकाळी अंघोळ करून वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसायचं. कुणाचं भांडण कानावर आलं तर त्याला दोन्ही बाजू खऱ्या वाटायच्या, आणि म्हणून दोन्ही बाजूंना तो आपला वाटायचा. सरकारने त्याला नेमणुकीचा कागद दिला आणि जाड पुठ्ठ्याची एक वही दिली. कुणी विहिरीत पडलं, कुणाची सायकल चोरीला गेली, गावात अनोळखी माणूस येऊन राहिला, की वहीत लिहायचं आणि तालुक्याच्या ठाण्यात कळवायचं. दोन वर्षांत त्या वहीची जेमतेम आठ पानं भरली होती.

एक खोड मात्र त्याच्यात होती. वरच्या माणसाने आवाज चढवला की त्याचे हातपाय गार पडायचे. त्याची बायको जयवंती हसून म्हणायची, "वाडीत नाग निघाला तर हातात काठी घेऊन पुढे जाता, आणि खाकी टोपी दिसली की तोंडाला कोरड पडते तुमच्या." तोही हसायचा. तेव्हा ती हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली. वसईच्या किनाऱ्यावरच्या गावांत दिव्यांना काळे कागद लागले. समुद्रात काहीतरी लुकलुकलं, अमक्याच्या माडावर कुणी टॉर्च दाखवली, अशा आवया रोज उठायच्या. लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तालुक्याच्या ठाण्यात सगळ्या पोलीस पाटलांना बोलावणं आलं. फौजदार नवा होता, तरुण होता, आणि त्यालाही वरून कुणीतरी झाडलं असणार, कारण तो आल्यापासून उभाच होता.

"पाकिस्तानात जन्मलेला, तिकडून आलेला, तिकडे नातंगोतं असलेला आपापल्या हद्दीतला एकूण एक माणूस मला कागदावर हवा," तो म्हणाला. मग त्याने एकेकाला उठवलं. कुणी दोन नावं सांगितली, कुणी पाच. एकनाथची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे तसं कुणी नाही साहेब."

"निर्मळ म्हणजे काशी लागून गेली काय, पाटील?" फौजदार त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "समुद्र तुमच्या हाकेवर. परवा आमच्या गाडीने तुमच्या आळीत उघडा दिवा पाहिला. वही रिकामी ठेवून झोपा काढता आणि मला सांगता, कुणी नाही?"

बाकीचे पाटील हसले. त्यात एकनाथच्या बापाच्या वयाचे लोक होते, त्याच्या लग्नात जेवून गेलेले होते. त्याचे कान तापले.

"उद्या संध्याकाळपर्यंत वही घेऊन या. रिकामी आणू नका."

नाव तर एकच होतं, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. फ्लॉसी तुस्कानोला लोक कौतुकाने "कराचीची फ्लॉसी" म्हणायचे. तिचा बाप मूळ शेजारच्या गासचा. तरुणपणी कराचीला रेल्वेत लागला, तिथेच संसार थाटला, तिथेच मुली झाल्या. फाळणी झाली, पुढे कराचीत दंगे झाले, तेव्हा तो बायकोला आणि धाकट्या फ्लॉसीला घेऊन बोटीने मुंबईला आला आणि तिथून गासला. थोरली मार्गारेट लग्न होऊन तिथलीच झाली होती, ती राहिली. फ्लॉसीने पुढे निर्मळच्या युजीनशी लग्न केलं. युजीन वाड्यांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. आळीत फ्रॉक घालणारी बाई ती एकटीच, आणि मराठी बोलता बोलता मध्येच "मगर" आणि "लेकिन" पेरणारीही तीच. तिची वाडी एकनाथच्या वाडीला लागून होती. तिच्या आणि जयवंतीच्या मध्ये करवंदीचं कुंपण होतं खरं, पण त्यात दोघींनी जायला-यायला जागा करून ठेवली होती.

आणि ती गासला केव्हा आली हे एकनाथइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. बापाची बैलगाडी घेऊन सोपाऱ्याच्या स्टेशनात केळीचे घड उतरवायला गेला होता. परतताना एक दमलेलं कुटुंब, दोन ट्रंका आणि एक शिवणयंत्र त्याने गाडीत घेतलं आणि गासला सोडलं. फ्रॉक घातलेली चौदा वर्षांची एक मुलगी गाडीच्या मागच्या टोकाला पाय सोडून बसली होती. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्याची बातमी आली आणि सगळ्या गावाच्या चुली विझल्या. म्हणजे अठ्ठेचाळीस सालचा जानेवारी. ती तारीख विसरण्यासारखी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तो ओटीवर वही घेऊन बसला. ठाण्यातून छापील रकाने दिले होते. नाव, वय, जन्मठिकाण, ते त्याने भरलं. "भारतात केव्हा आले" या रकान्यापाशी तो थांबला. जानेवारी अठ्ठेचाळीस असं लिहिलं तर ती ओळ अगदीच साधी दिसत होती. चोवीस वर्षं गावात राहिलेली बाई, नवरा पंप दुरुस्त करतो, हे वाचून तो फौजदार पुन्हा सगळ्यांदेखत हसेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने लिहिलं, "फाळणीनंतर." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. शेवटच्या रकान्यात काय लिहावं याचा त्याने पुष्कळ विचार केला. मग लिहिलं, "सख्खी बहीण कराचीत. पत्रव्यवहार चालू आहे."

त्या संध्याकाळी फौजदाराने वही वाचली आणि पहिल्यांदाच त्याला बसायला सांगितलं. "चहा घ्या, पाटील," तो म्हणाला. एकनाथ तो चहा प्यायला. पुढे कित्येक वर्षं त्याला सगळ्यात जास्त शरम वाटायची ती या गोष्टीची, की तो चहा त्याला गोड लागला होता.

शुक्रवारी सकाळी जीप आली. फौजदार, एक जमादार आणि दोन शिपाई. पंच म्हणून एकनाथला आणि शेजारच्या श्रीपतला बोलावून घेतलं. युजीन गासला कुणाचा पंप उघडून बसला होता. फ्लॉसी अंगणात शेवंतीची फुलं निवडत होती. पोलीस बघून ती गडबडली, आणि त्यांच्यामागे एकनाथ दिसला तेव्हा तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"बरं झालं भाऊ, तुम्ही आलात," ती म्हणाली. "हे काय विचारतात ते मला समजतच नाही."

घर उलथंपालथं झालं. झडतीचा हुकूम कुणी दाखवला नाही आणि कुणी मागितलाही नाही. शिपायांनी तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिला, घरातल्या वेदीवरच्या सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, मूर्तीमागे पाहिलं, ट्रंकेतलं लग्नातलं कापड जमिनीवर टाकलं. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात रिबिनीने बांधलेली पत्रं निघाली. फौजदाराने एक उघडून वाचलं. मार्गारेटच्या धाकट्या मुलीला दात येताहेत, पपांचं घड्याळ अजून चालतं, यंदा नाताळला तरी तुझा फोटो पाठव. एवढंच होतं त्यात. पत्रं, मार्गारेटच्या मुलांचा एक फोटो, फ्लॉसीचा शाळेचा दाखला आणि युजीनचा ट्रान्झिस्टर, असं सगळं जमादाराने एका फडक्यात बांधलं.

"तू परकी नागरिक आहेस. नोंद केलेली नाहीस," फौजदार म्हणाला. "ठाण्यात चल."

"मी गासची आहे साहेब! माझे वडील गासचे, आजा गासचा." मग ती एकनाथकडे वळली. "भाऊ, सांगा ना यांना. तुमच्याच गाडीतून आलो ना आम्ही? तेव्हा पाकिस्तान नवंनवं झालं होतं, आम्हाला कुठे कागदबिगद होते. सांगा ना."

फौजदाराने मान वळवली. "काय, पाटील?"

अंगणात तेव्हा सात-आठ माणसं जमली होती. एकनाथला आपला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "लहान होतो साहेब तेव्हा. नीट आठवत नाही."

फ्लॉसी त्याच्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे, तर आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं तसं. मग तिने हातातली फुलं टोपलीत ठेवली, फ्रॉकला हात पुसले आणि विचारलं, "चपला घालू का?"

पंचनाम्यावर एकनाथने सही केली. श्रीपतनेही केली. जीप गेल्यावर श्रीपत त्याला म्हणाला, "बरं केलंस, मध्ये पडला नाहीस. लढाईच्या दिवसांत नसतं लचांड."

त्या संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर दुसरा विषयच नव्हता. विद्याधर वकील वसईच्या कोर्टात काम करायचे आणि निर्मळलाच राहायचे. ते रागाने लाल झाले होते. "एका बाईला घरातून उचलून नेता, कारण विचारलं तर म्हणता चौकशी चालू आहे. हे राज्य आहे की काय आहे?"

"वकीलसाहेब, तिकडे पोरं मरताहेत सीमेवर," श्रीपत म्हणाला. "पोलिसांनी विचारलं तर काय बिघडलं? निर्दोष असेल तर सुटेल."

"सुटेल कशी? बाकी सगळ्या कायद्यांत गुन्हा पोलिसांनी सिद्ध करायचा असतो. या परकीयांच्या कायद्यात उलटं आहे. तू परका नाहीस हे तूच सिद्ध करायचं, तेसुद्धा कोठडीत बसून. श्रीपत, तुझ्या जन्माचा कागद आहे तुझ्याकडे?"

"मला कशाला लागतो? मला अख्खं गाव ओळखतं."

"तिलाही अख्खं गाव ओळखतं."

मग कुणीतरी विचारलं, पण पोलिसांना तिचं नाव दिलं कुणी? क्षणभर सगळे एकनाथकडे बघायला लागले, आणि श्रीपतच मदतीला धावला. "पोलिसांना सगळं आधीच माहीत असतं. एकनाथ बिचारा काय करणार? त्याला पंच म्हणून नुसतं उभं केलं."

एकनाथने ते तसंच राहू दिलं. तोंडाने तो हो म्हणाला नाही. पण नाही तरी कुठे म्हणाला?

फ्लॉसीला दोन दिवस तालुक्याला ठेवलं आणि मग जिल्ह्याच्या तुरुंगात नेलं. आठवड्याभरात लढाई संपली. गावात पेढे वाटले गेले, दिव्यांवरचे काळे कागद निघाले, पण ती सुटली नाही. तिच्या कागदाला आता स्वतःचे पाय फुटले होते, तो या टेबलावरून त्या टेबलावर जात होता. युजीन कामधंदा टाकून रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत बसलेला असायचा. एकदा तो विद्याधर वकिलांकडून पोलिसांच्या अहवालाची नक्कल घेऊन येताना वाटेत जयवंतीपाशी थांबला. तिने आग्रहाने त्याला जेवायला बसवलं, आणि जेवता जेवता त्याने तो कागद वाचून दाखवला. "सख्खी बहीण कराचीत. पत्रव्यवहार चालू आहे."

जयवंती वाढता वाढता थांबली. मार्गारेटचं शेवटचं पत्र आलं होतं ते लढाईच्या दोन महिने आधी, कुठून तरी लांबून फिरून. फ्लॉसी ते घेऊन धावत कुंपणातून आली होती आणि तिने ते जयवंतीला चुलीपुढे बसून मराठीत सांगितलं होतं. मुलांचा फोटो दाखवला होता. एकनाथ तेव्हा पाटावर बसून जेवत होता. आळीतल्या दुसऱ्या कुणालाही त्या पत्राचा पत्ता नव्हता.

युजीन गेला. एकनाथ वाडीतून आला तेव्हा तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभी राहिली.

"ते पत्र तिने मला दाखवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

तो काहीतरी बोलायला गेला. फौजदार, रिकामी वही, सगळे हसले, असं तुटकतुटक. तिने ऐकून घेतलं. "माझ्या घरात बसून तिने तिच्या बहिणीसाठी डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तुम्ही ते वहीत लिहून आलात. आता मी तिला तोंड कसं दाखवू ते सांगा."

त्यानंतर ती त्याला टाकून बोलली असं काही झालं नाही. जेवायला वाढायची, कामाचं बोलायची. नाताळच्या दिवशी मात्र तिने चूल पेटवली नाही. चर्चच्या घंटा वाजत होत्या, आणि शेजारच्या अंगणात युजीन एकटा पायरीवर बसलेला ओटीवरून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी युजीनच कुंपणातून आला. त्याला अजूनही काही कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्याने बाजूला ठेवलं होतं, ते एकनाथला कधीच समजलं नाही. "वकील म्हणतात, घटनेत लिहिलंय," तो म्हणाला. "अठ्ठेचाळीसच्या जुलैच्या एकोणीस तारखेआधी जो इकडे आला, ज्याचे आईबाप इकडचे, आणि जो तेव्हापासून इथेच राहिला, तो भारताचाच. गासच्या चर्चमध्ये तिच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. आता ती केव्हा आली एवढंच राहिलं. बोटीचं तिकीट कुठे ठेवणार चोवीस वर्षं? तिची आई नाही, वडील नाहीत. भाऊ, गाडी तुमची होती. तुम्ही पाटील आहात, तुमचा शब्द चालेल."

"येतो," एकनाथ म्हणाला. एवढं म्हणायलाही त्याला जोर लावावा लागला.

सोमवारी ते तिघं, तो, युजीन आणि विद्याधर वकील, ठाण्याला जिल्ह्याच्या कचेरीत गेले. अधिकारी वयस्कर होता, शांत होता. त्याने एकनाथचं प्रतिज्ञापत्र सावकाश वाचलं. मग समोरच्या फायलीतून दुसरा कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हे अक्षर तुमचंच ना?"

"होय साहेब."

"इथे तुम्ही म्हणता जानेवारी अठ्ठेचाळीस, गांधीजी गेले त्याच्या आदल्या आठवड्यात. फार पक्की आठवण आहे. आणि या अहवालात लिहिलंय, 'फाळणीनंतर.' पंचनाम्याच्या वेळी तर तुम्हाला काही आठवतच नव्हतं. यातलं खरं काय?"

युजीनने मान वर केली. विद्याधर वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग एकनाथकडे पाहिलं.

"जानेवारी खरं," तो म्हणाला. "मला तेव्हाही माहीत होतं."

"मग लिहिलं का नाही?"

"महिना लिहिला असता तर त्यात काहीच राहिलं नसतं. रिकामी वही न्यायची मला लाज वाटली."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "तुमच्या लाजेपायी एक बाई अठरा दिवस आत आहे," तो म्हणाला. "सरकारी अहवालात माहिती दडवल्याबद्दल तुमच्यावर काय करता येतं, ठाऊक आहे?"

"करा साहेब."

त्याने काहीच केलं नाही. प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारला आणि फाइल पुढे पाठवली. बाहेर व्हरांड्यात युजीन एकनाथच्या समोर उभा राहिला. उंच, हाडापेराचा माणूस तो. आता हा मारणार असं एकनाथला वाटलं, आणि त्याने मारावं असंही वाटलं. पण युजीन एवढंच म्हणाला, "तुम्ही वेगळ्या गाडीने या." आणि वकिलांबरोबर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फ्लॉसी सुटली. पण फाइल बंद व्हायला वरून हुकूम यायचा होता, आणि तोवर तिने दर सोमवारी गावच्या पोलीस पाटलासमोर हजर राहून सही करावी, अशी अट होती. गावचा पोलीस पाटील म्हणजे एकनाथ.

पहिल्या सोमवारी ती आली तेव्हा रस्त्याने आली, कुंपणातून नाही. अंगणात उभी राहिली. ती वाळली होती, केस मागे घट्ट बांधलेले होते. एकनाथने खुर्ची पुढे केली.

"बाय, बस ना."

"सही कुठे?" तिने विचारलं.

त्याने वही उघडून दिली. तिने उभ्यानेच सही केली आणि गेली. जयवंती दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती, तो तसाच तिच्या हातात राहिला. असे सतरा सोमवार झाले. वही घरी पाठवतो म्हणून त्याने एकदा निरोप दिला होता. तिने उलट निरोप धाडला, हुकूम हजर राहण्याचा आहे. अठराव्या आठवड्यात फाइल बंद झाल्याचा कागद आला. तो घेऊन एकनाथ स्वतः तिच्या दाराशी गेला. तिने तो वाचला, घडी घातली आणि दार लावून घेतलं. त्याच महिन्यात त्याने पोलीस पाटीलकीचा राजीनामा दिला. कारणाच्या जागी त्याने "प्रकृती" असं लिहिलं. खरं कारण लिहायचं धैर्य तेव्हाही त्याला झालं नाही. पुढे श्रीपत पाटील झाला.

जयवंती आणि फ्लॉसी वर्षभराने बोलायला लागल्या, पण बाजारात, बसच्या थांब्यावर. कुंपणातली वाट करवंदीने भरून आली.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. नायगावपासून विरारपर्यंत इमारती उठायला लागल्या होत्या आणि कामाला लांबलांबचे मजूर आले होते. स्टेशनाबाहेर पोलीस त्यांना अडवायचे, रेशन कार्ड मागायचे. ज्याची बोली बंगाली तो बांगलादेशी, असा साधा हिशेब होता. सोपाऱ्याच्या एका बांधकामावरून दोन गवंडी उचलले गेले, आणि ते भारतातल्याच मालद्याचे निघाले तोवर त्यांना महिना झाला होता. वाचनालयातल्या तरुण मंडळींनी एका रविवारी चर्चा ठेवली, रस्त्यात कागद विचारण्याचा पोलिसांना हक्क आहे का, अशी. अध्यक्ष विद्याधर वकील.

श्रीपत पहिला उठला. पाटील म्हणून बोलणं त्याला भागच होतं. "घुसखोर शिरलेत हे खोटं आहे का? ज्याच्याकडे कागद आहे त्याने भ्यायचं कशाला? मला पोलिसांनी दहा वेळा विचारलं तरी मी दाखवीन."

टाळ्या पडल्या. मग एका मुलाने घटनेतली कलमं वाचून दाखवली, त्यालाही टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून एकनाथ कधी उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात तो सभेत कधी बोलला नव्हता.

"विचारणारा एकटा पोलीस नसतो," तो म्हणाला. "त्याला नाव देणारा कुणीतरी असतो. फ्लॉसीबायचं नाव मी दिलं होतं." आणि त्याने सगळं सांगितलं. वही, फाळणीनंतर हा शब्द, अंगणातलं उत्तर, चहासुद्धा. श्रीपत दोनदा म्हणाला, "असू दे रे, बस आता." तो बसला नाही. संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. घरी जाताना तो जवळजवळ हलका होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लॉसी दारात उभी राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा, बिनहुकुमाची. केस पांढरे झाले होते, फ्रॉक तसाच.

"काल तुम्ही माझी गोष्ट सगळ्या गावाला सांगितलीत म्हणे."

"माझी चूक सांगितली, बाय."

"चूक तुमची, मगर गोष्ट माझी आहे. मार्गारेटचं पत्र माझं होतं, ते तुम्ही मला न विचारता नेलंत. आता हेही न विचारताच नेलंत. आज बाजारात बायका मला धरून विचारतात, खरं का गं, एकनाथ किती रडला म्हणे. तुमच्यासाठी हळहळतात त्या!"

एकनाथ खांबाला धरून उभा होता. कालचा हलकेपणा कुठल्या कुठे गेला. आपण पुन्हा तेच केलं, हे तिने सांगेपर्यंत त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि याची शरम त्याला पहिल्या वेळेपेक्षा जास्त वाटली. माफ कर, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. पण तेसुद्धा तिच्याकडून काहीतरी मागून घेणंच झालं असतं.

"तुम्हाला काय माहीत आत काय झालं ते?" ती म्हणाली. "कुणी विचारलं मला कधी?"

आतून जयवंती आली. "मी विचारते," ती म्हणाली. "आत ये."

फ्लॉसी थोडा वेळ घुटमळली, मग स्वयंपाकघरात गेली. एकनाथ बाहेर ओटीवर बसला. आतलं बोलणं त्याला ऐकू येत होतं, म्हणून तो उठून वाडीत गेला.

पुढच्या रविवारी वाचनालयात चर्चेचा उरलेला भाग होता. विद्याधर वकिलांनी फ्लॉसीला पुढे बसवलं. युजीन तिच्या शेजारी होता. ती उभी राहिली नाही, बसूनच बोलली, मराठीत, मध्येमध्ये "लेकिन" म्हणत. जिल्ह्याच्या तुरुंगात दारातच तिची रोझरी, प्रार्थनेची माळ, काढून घेतली, ती परत मिळाली नाही. मग बोटांच्या पेरांवर प्रार्थना मोजायच्या. बराकीतल्या बायका तिला हेरगिरी करणारी म्हणून घाबरायच्या, तिच्याजवळ झोपायच्या नाहीत. एक म्हातारी मात्र नाताळच्या दिवशी आपल्या वाटणीचा गूळ घेऊन तिच्याजवळ आली. आत तिला रोज एकच प्रश्न विचारायचे, तू कुठली, आणि ती गासची म्हटलं की लिहिणारा हसायचा. शेवटी शेवटी तिलाच शंका यायला लागली होती, की आपण खरंच कुठल्या.

"सुटले तेव्हा मला वाटलं, आता घर," ती म्हणाली. "लेकिन दर सोमवारी रस्त्याने जायचं. सगळे बघायचे. कुणी म्हणालं नाही, चल, मी येते बरोबर."

सभागृहात बसलेल्या आळीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. श्रीपत खिडकीबाहेर बघत होता. एकनाथ शेवटच्या बाकावर बसला होता. यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं, रोझरीचं नाही, गुळाचं नाही. त्याने या वेळी मध्ये एक शब्दही काढला नाही. सभा संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले, आणि तो गर्दी पांगेपर्यंत तिथेच बसून राहिला, कारण बाहेर जायची वाट तिच्या पुढ्यातून होती.